मतपेटीसमोर उभा राहिलेला अर्थशास्त्रज्ञ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भारताची राज्यघटना उभी राहते. कुणाला महाडचे चवदार तळे आठवते, कुणाला नागपूरची दीक्षाभूमी. हे सारे खरेच आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च, चलन, बँकिंग, करपद्धती हा आमचा रोजचा अभ्यास. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातील एका निराळ्या पानाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

१९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. जगभर मंदीची लाट येऊन गेली होती आणि शेतकरी व गिरणी कामगार तिच्याखाली भरडून निघाले होते. अशा वेळी अर्थशास्त्राचा हा पंडित स्वतःचा पक्ष काढून, छापील कार्यक्रम हाती घेऊन मतदारांपुढे उभा राहिला. मोडलेला संसार सावरणारे आणि गरिबाची कणव असणारे सरकार कसे असावे, याचा हिशेब त्याने लोकांपुढे मांडला. आपला बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे ही कथा आपल्याला दूरची नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू येथे लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज प्यायला मिळत नसे. हे प्रसंग आपण शालेय पुस्तकांतून वाचलेले आहेत. पुढे कुटुंब मुंबईला आले. १९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली बी. ए. अशी मजल त्यांनी मारली. परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत हे कुटुंब राहू लागले. ही चाळ लक्षात ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनी याच वस्तीतून त्यांनी मते मागितली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेथे सार्वजनिक आयव्ययाचे नामांकित अभ्यासक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले. १९१५ साली एम. ए. करून ते १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. करारानुसार बडोदे संस्थानात नोकरी धरली. तेथे एवढ्या विद्वान अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. अखेर ते मुंबईला परतले.

आता आमच्या शाखेच्या अभिमानाची गोष्ट सांगतो. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. म्हणजे बाबासाहेब हे कॉमर्स कॉलेजचे प्राध्यापक होते! त्यांची व्याख्याने इतकी चांगली होत की बाहेरचे विद्यार्थीही येऊन बसत. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांची हरकत होती. ज्याच्याकडून अर्थशास्त्र शिकायचे, त्याच्या हाताने पाणी मात्र विटाळायचे, असा तो काळ होता.

त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेताचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब राहतो, तेव्हा तुकडे एकत्र करा, असा विचार त्या वेळी सर्वत्र मांडला जात होता. तरुण प्राध्यापकाने प्रश्न उलटा केला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यात घालायला बैल, अवजारे व भांडवल किती आहे यावरून ते ठरते. भांडवल नाही आणि शेतीवर पोट भरणारी माणसे मात्र बेसुमार, ही खरी अडचण आहे. ही जादा माणसे उद्योगधंद्यांत गेल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अठरा वर्षांनंतरच्या निवडणूक कार्यक्रमात हाच विचार पुन्हा भेटतो.

साठवलेला पगार, उसनवारी आणि शाहू महाराजांचे साहाय्य या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्‌सी. झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. रुपयाचा विनिमय दर उतरवावा, म्हणजे व्यापार वाढेल, अशी मागणी तेव्हा व्यापारी वर्गातून होत होती. दर उतरल्यावर व्यापाऱ्याला होणारा लाभ कोठून येतो, असा त्यांचा प्रश्न होता. भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे तो लाभ देशातल्याच मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. चलनाचे कोडे सोडवतानाही नजर मजुराच्या खिशावर! आम्ही परीक्षेसाठी विनिमय दराचे फायदे-तोटे पाठ करतो. पण फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, हे विचारायला विसरतो.

येथून त्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले आणि त्याची एक पायरी आपल्याच जिल्ह्यात आहे. एप्रिल १९२५ मध्ये निपाणी येथे मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा ज्या बाजारपेठेत सारख्याच चालतात, त्या निपाणीने हा आवाज असा आरंभीच ऐकला.

१९२७ साली सरकारनियुक्त सभासद म्हणून ते मुंबईच्या कायदेमंडळात बसले. तेथील त्यांची पहिल्याच वर्षीची भाषणे वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावीत अशी आहेत. शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च होत होता १४ आणे. दारूच्या अबकारीतून सरकार दरडोई वसूल करीत होते २ रुपये २ आणे ९ पै. लोकांना दारू पाजून जेवढे मिळवता, निदान तेवढे तरी त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती. अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसारा व प्राप्तिकर यांची तुलना केली. प्राप्तिकर द्यायला आधी उत्पन्न व्हावे लागते. शेतसारा मात्र पीक बुडाले तरी आणि शेत एका एकराचे असले तरी द्यावाच लागतो. ज्याची ऐपत कमी त्याच्यावर ओझे जास्त, ही कसली करपद्धती?

१९२८ साली गिरण्यांतील स्त्री कामगारांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी जोराचा पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा त्या खर्चाचा वाटा सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे मत होते. तो कायदा १९२९ साली झाला. माझ्या मते बाबासाहेबांचा खास विचार येथे दिसतो. गरिबांविषयी कळवळा भाषणात सगळेच दाखवतात. हा मनुष्य तो कळवळा अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात आहे ते शोधत असे.

महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार हा इतिहास सर्वांना ठाऊक असल्याने त्यात शिरत नाही. त्या सुमारास देशात दुसरे एक संकट आले होते, त्याकडे वळतो.

१९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि मंदीची लाट हिंदुस्थानच्या खेड्यापर्यंत येऊन पोहोचली. शेतमालाचे भाव काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आले. यातील मेख अशी की भाव उतरले तरी शेतसारा रुपयांत ठरलेला होता, आणि सावकाराचे व्याजही रुपयांत ठरलेले होते. पूर्वी समजा दहा पोती विकून जो सारा भरता येई, त्याला आता वीस पोती लागू लागली. खायला काय उरणार? शहरात गिरणी मालकांनी पगार कापले, पाळ्या बंद केल्या. खेड्यातून आलेल्या माणसाला मुंबईत काम मिळेना आणि गावी परत जावे तर तिकडेही कर्जाचा डोंगर. मंदी हा शब्द आम्ही व्यापारचक्राच्या प्रकरणात एका ओळीत वाचतो. त्या एका ओळीत किती घरांच्या चुली विझल्या असतील!

अशा स्थितीत १९३५ चा कायदा आला. प्रांतांना स्वायत्तता मिळाली; लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ प्रांताचा कारभार करणार होते. मुंबई विधानसभेच्या १७५ जागा ठरल्या, त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. मताचा अधिकार सर्वांना नव्हता. सारा, घरभाडे, शिक्षण अशा अटी होत्या आणि त्यांमुळे फार मोठा गरीब वर्ग मतदानाबाहेरच राहिला. म्हणजे ज्यांच्यासाठी लढायचे, त्यांच्यातील पुष्कळांना मतच नाही, अशी ही लढाई होती.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात त्यांनी जातीचे नाव घातले नाही, मजुराचे घातले. याचे कारण समजून घेण्यासाठी मुंबईच्या कापड गिरणीत डोकावून पाहावे लागेल. विणकाम खात्यात पगार जास्त मिळे. पण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा घ्यायचा, या सबबीखाली अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेशच नव्हता. जातीने पगार ठरत होता आणि पगाराने पोटाची खळगी. म्हणून जात आणि रोजी हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, आणि सर्व जातींच्या श्रमिकांना एकत्र आणणारा पक्ष हवा, असे त्यांनी ठरवले.

पक्षाचा कार्यक्रम मी दोनदा वाचला. आजही एखाद्या पक्षाने तो छापावा असा आहे. मोडकळीस आलेले जुने धंदे पुन्हा उभे करणे व नवे धंदे काढणे. लोकांच्या हितासाठी आवश्यक तेथे उद्योगांची मालकी वा व्यवस्था सरकारने घेणे. धंदेशिक्षणाचा प्रसार करणे. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था आणि खरेदी-विक्री संघ. खोत व तालुकदार यांच्या जुलमातून कुळांची सुटका. कामगारांसाठी कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेशी मजुरी, पगारी रजा, स्वस्त व स्वच्छ घरे, तसेच नेमणूक, बढती आणि बडतर्फी यांवर कायद्याचे नियंत्रण. बेकारांना काम मिळावे म्हणून सरकारी बांधकामे आणि भूमिहीनांना वसवण्याच्या योजना. कनिष्ठ मध्यमवर्गाला शहरातील वाढत्या भाड्यांपासून संरक्षण. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत. करांची न्याय्य फेररचना. आणि खेड्यांची नीट आखणी करून तेथे घरे, वाचनालय, सभागृह व फिरता सिनेमा!

फिरत्या सिनेमाचे नाव वाचून मला प्रथम हसू आले. मग वाटले, बरोबरच आहे. उपाशी माणसाला भाकरी द्यावी हे कुणीही सांगेल. खेड्यातल्या माणसालाही करमणूक आणि ज्ञान हवे, तोही माणूसच आहे, हे ध्यानात ठेवणाऱ्याची कणव अधिक खोल म्हटली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की या यादीतील कलमे एकमेकांत गुंतलेली आहेत. शेतीवरचा भार कमी करायचा तर उद्योग हवेत. उद्योगांना कुशल कामगार हवा म्हणून धंदेशिक्षण हवे. शेतात उरलेल्या शेतकऱ्याला भांडवल हवे म्हणून भूतारण बँक हवी. आणि हे सारे करायला पैसा हवा म्हणून कर नव्याने बसवायला हवेत. १९१८ च्या निबंधाचे येथे जाहीरनाम्यात रूपांतर झालेले दिसते.

कार्यक्रम उत्तम असला तरी निवडणूक नुसत्या कार्यक्रमावर जिंकता येत नाही, हे तेव्हाही खरे होते. काँग्रेसजवळ स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, संघटना होती, पैसा होता. मजूर पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा. त्याने सतरा उमेदवार उभे केले. त्यांत दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे लढवय्ये कार्यकर्ते होते, तसेच अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण समाजातून आलेले सहकारीही होते. बेळगाव उत्तर मतदारसंघातून धारवाडच्या विद्यार्थी वसतिगृहाचे काम पाहणारे बळवंत हणमंत वराळे उभे राहिले. बाबासाहेब स्वतः मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे होते. हीच ती गिरणगावाची वस्ती, जेथे चाळीतल्या खोलीत बसून त्यांनी रात्री जागवल्या होत्या.

त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने जो उमेदवार दिला, तो मोठा मासलेवाईक होता. पाळवणकर बाळू हे त्यांचे नाव. हे गृहस्थ धारवाडला जन्मलेले, चर्मकार समाजातले आणि आपल्या काळातील हिंदुस्थानचे अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातर्फे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. पुण्यात खेळताना मैदानावर टाळ्या मिळत, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. एवढा मोठा खेळाडू, परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. गिरणगावातील माणसांना त्यांचा अभिमान असल्यास नवल नाही. दोघांनीही एकाच अपमानाचे घोट गिळलेले. एकाने चेंडूने उत्तर दिले, दुसऱ्याने ग्रंथांनी. आता ते एकमेकांसमोर उभे ठाकले होते. बाळूंना खलनायक ठरवून ही गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल. मतदारांपुढचा प्रश्न होता तो आपली गाऱ्हाणी मोठ्या राष्ट्रीय पक्षाच्या हाती सोपवायची, की विधानसभेत स्वतःचा स्वतंत्र आवाज पाठवायचा, हा.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे दोन हजारांचे. मजूर पक्षाच्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक सर्व निवडून आले आणि त्यांत आपल्या भागातील वराळेही होते. काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. बाबासाहेबांच्या आयुष्यात मतदारांनी प्रत्यक्ष मत देऊन त्यांना निवडून दिल्याचा हा एकच प्रसंग होय.

जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसला. निवडणुकीतील वचनांचे काय झाले, हे यापुढे पाहायचे.

पहिले काम त्यांनी खोतीचे घेतले. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत असे. तो कुळांकडून धान्याच्या रूपाने खंड घेई, सरकारात सारा भरी आणि मधला फायदा ठेवी. शिवाय कुळाने खोताच्या घरी वेठ करायची, आणि मालकाची मर्जी फिरली की जमीन सोडायची. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही कागदावर कुळाचे नाव नाही. ज्या आंबडव्याहून आंबेडकर घराणे आले, तेही याच जिल्ह्यातले. कुलाबा जिल्ह्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी तर १९३३ पासून जमिनी कसण्याचेच नाकारून वर्षानुवर्षे संप चालवला होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. खोतांना योग्य मोबदला द्यावा आणि कसणाऱ्या कुळांना सरकारशी थेट नाते असलेले कब्जेदार करावे, असा त्याचा आशय होता. कुणाला लुबाडण्याची भाषा त्यात नव्हती. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कोकणातून व इतर जिल्ह्यांतून मुंबईला आले आणि त्यांनी विधानभवनावर मोर्चा नेला. त्यांत महार होते, कुणबी होते, आगरी होते. शिष्टमंडळ मुख्य प्रधानांना भेटले. पण सरकारने विधेयक पुढे जाऊ दिले नाही.

१९३८ साली सरकारने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. त्यातील तरतुदींमुळे अनेक प्रकारचे संप बेकायदा ठरत होते. माणसाला आपले श्रम थांबवण्याचा हक्कच नसेल तर तो स्वतंत्र कसला, या मुद्द्यावर बाबासाहेबांनी विरोध केला. विधेयक मंजूर झाले. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह त्यांनी एक दिवसाचा मोठा संप घडवून आणला. त्याच आठवड्यात मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी गरीब स्त्रीच्या देहाची कशी धूळधाण होते, हा त्यातील एक मुद्दा होता. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा अध्याय संपला.

मग काय मिळवले? असा प्रश्न वाचकांना पडेल, मलाही पडला. दोन वर्षांत एकही मोठे विधेयक मंजूर नाही. ताळेबंद मांडला तर तोटाच दिसतो. परंतु एका वर्षाचा ताळेबंद पाहून धंद्याची परीक्षा करू नये, असे आम्हांला शिकवतात. खोती नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९४९ साली झाला. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या गावकीच्या राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच विधेयक आणले होते. ती वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा ते हयात नव्हते. आमच्या घरी आजोबांनी अर्धे आयुष्य दुसऱ्याची जमीन खंडाने कसली आणि म्हातारपणी कूळकायद्याने ते मालक झाले. तो कायदा वेगळ्या राज्याचा आणि वेगळ्या काळातला, हे मला माहीत आहे. पण कसणाऱ्याचे नाव कागदावर चढले पाहिजे, हे विधानसभेत कुणीतरी प्रथम उभे राहून म्हणावे लागते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातील कामाचे तास कमी करणे, रोजगार विनिमय केंद्रे, खाणीतील स्त्रियांना प्रसूती साहाय्य, दामोदर खोरे योजना ही कामे त्या खात्याकडून पुढे आली. १९३६ च्या जाहीरनाम्याशी त्यांचे नाते सहज ओळखता येते. आणि राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उपजीविकेचे साधन, न्याय्य मजुरी, प्रसूती साहाय्य यांविषयीची कलमे आहेत, त्यांतही परळच्या चाळीचा आवाज मला ऐकू येतो.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मजूर पक्ष सर्व श्रमिकांचा व्हावा ही इच्छा पुरी झाली नाही. कोकणात काही काळ महार आणि कुणबी एकत्र चालले. पण इतरत्र मजुराने मजुराला मत देण्याआधी जात पाहिली. १९४२ साली बाबासाहेबांनीच तो पक्ष मागे ठेवून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन केला. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवूनही १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेसाठी त्यांचा पराभव झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. मतदार हा असा आहे. तो विद्वत्तेला नमस्कार करतो आणि मत अनेकदा दुसरीकडे देतो. तरीही या माणसाने मतपेटीचा मार्ग सोडला नाही.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. गरिबांचे सरकार, शेतकऱ्यांचे सरकार असे शब्द आपल्या कानांवर मराठीतून येतील, ಕನ್ನಡ नव्हे तर कन्नडमधूनही तितक्याच गोड शब्दांत येतील. भाषा कोणतीही असो, बाबासाहेबांच्या पद्धतीने आपण काही साधे प्रश्न विचारू शकतो. ही मदत कोणत्या रकान्यातून येणार? तिचा भार कुणावर पडणार? ज्याच्या नावाने ती जाहीर झाली, त्याच्या हातात ती पोहोचेपर्यंत मध्ये किती खोत उभे आहेत? १४ आणे आणि २ रुपये २ आणे ९ पै हे दोन आकडे शेजारी ठेवायला त्यांना कुठलीही सत्ता लागली नव्हती. अंदाजपत्रक वाचता येत होते, आणि ते कुणासाठी वाचायचे हे ठाऊक होते. यातील पहिली गोष्ट आपल्याला महाविद्यालय शिकवते. दुसरी आपली आपण शिकायची आहे.

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)